सातव्या माळेचा दिवा

सहादेवला आमच्या गल्लीत कुणी नावानं हाक मारली तर तो वळून बघायचा नाही. ‘टाकीवाले’ म्हटलं की मात्र लगेच ‘जी’ म्हणून थांबायचा. एकोणीस वर्षं त्यानं पारनेरात घरोघर गॅसच्या टाक्या पोचवल्या. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी लावायचा, भरलेली टाकी डाव्या खांद्यावर घ्यायची आणि सरळ स्वयंपाकघरात शिरायचं. मोठ्यातला मोठा पाहुणा आला तरी त्याला लोक बाहेरच्या खोलीत बसवतात. सहादेव थेट ओट्यापाशी. त्यामुळं कुणाच्या घरात काय शिजतं आणि कुणाच्या ओट्याखाली काय कोंबून ठेवलंय, हे त्याच्याइतकं गावात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.

मी मार्तंड. एकतीस वर्षं शाळेत संस्कृत आणि मराठी शिकवून निवृत्त झालो. आमच्या घराण्याकडं वाडवडिलांपासून चाळीसेक घरांची पूजाअर्चा आहे, ती शाळा सांभाळून केली आणि अजूनही करतो. स्वभाव तापट, आणि कुणी मला चार गोष्टी शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे घडलं त्यात या स्वभावाचा वाटा मोठा आहे. सहादेवनं उभ्या आयुष्यात माझ्याकडं एकच गोष्ट मागितली. ती देणं माझ्या हातात होतं आणि मी दिली नाही.

बुटका, रुंद माणूस. ओझ्यानं डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली आलेला. रस्त्यात भेटला तर ‘रामराम गुरुजी’ यापलीकडं शब्द नाही, पण स्वयंपाकघरात शिरला की त्याचं तोंड थांबत नसे. टाकी दिली, ओटीपी घेतला, मोकळी टाकी उचलली की झालं, असं बाकीचे करतात. हा नवी टाकी बसवल्यावर बाईकडून वाटीभर साबणाचं पाणी मागायचा, टाकीच्या तोंडाशी आणि नळीवर बोटानं फेस लावायचा आणि कुठं बुडबुडा येतो का ते बघत उकिडवा बसून राहायचा. मागं त्या घरची बाई पोळ्या खोळंबल्या म्हणून चुळबुळत उभी. नळीवर छापलेली तारीख तो डोळे बारीक करून वाचायचा. एका घरी विचारलं, ‘वैनी, ही नळी तुमच्या करनच्या बारशाला आनल्याली का?’ करण तेव्हा बारावीला होता. वैनी हसल्या, नळी मात्र बदलली नाही. दुसऱ्या आठवड्यात सहादेव आपल्याच पिशवीतून नवी घेऊन आला आणि बसवून गेला.

त्याची नजर ओट्यावर थांबत नसे. एका घरी फ्यूज सारखा उडतो म्हणून घरच्यांनी त्यात जाड तार घातली होती. सहादेव म्हणाला, ‘आता फ्यूज ऱ्हाईल, घर जाईल.’ कुणाकडं फ्रीज, मिक्सर आणि पाणी तापवायची सळई एकाच बोर्डावर, कुणाकडं डासांची कॉइल गादीला चिकटून, कुणाची पोरं मोबाईल चार्जिंगला लावून उशीखाली घेऊन झोपणारी. त्याला हे सगळं दिसायचं आणि दिसलं की बोलल्याशिवाय राहवायचं नाही. बायका म्हणायच्या, टाकीवाला म्हणजे दुसरी सासूच. आत घेताना कुरकुरायच्या, पण त्याच्याऐवजी दुसरा कुणी आला तर ‘आमचे टाकीवाले कुठं गेले’ म्हणून चौकशीही करायच्या.

आमच्याही घरी तो बोलायचा. सरोजिनीला, म्हणजे माझ्या बायकोला, त्यानं एकदा बजावलं होतं की कढईतल्या तेलानं पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही. गॅस बंद करायचा आणि वर ताट झाकायचं. मी बाहेरच्या खोलीतून ऐकत होतो. मनात म्हटलं, आता हा आमच्या घरात येऊन स्वयंपाक शिकवणार. पुढं महिन्याभरात पुऱ्या तळताना तेल पेटलं. ज्वाळा फळीवरच्या डब्यांपर्यंत गेली. हातात पाण्याचा तांब्या घेऊन मीच पुढं धावलो होतो. सरोजिनीनं मला कोपरानं मागं ढकललं, बटण फिरवलं आणि कढईवर परात पालथी घातली. आग तिथल्या तिथं मेली. म्हणजे आमचं घर आज उभं आहे ते सहादेवमुळं. हे मला त्या दिवशीही कळलं होतं, फक्त मी ते कबूल केलं नाही.

त्याला सगळ्यांत जास्त धास्ती नवरात्राची. आमच्या जुन्या गल्ल्यांतली घरं दोन खोल्यांची. देव आणि चूल एकाच खोलीत, आणि घट बसतो तो जमिनीवर. पत्रावळीवर काळी माती, मातीत धान्य, मधे पाण्याचा घट, शेजारी समई. रोज एक फुलांची माळ चढते, म्हणून बायका दिवसही माळांनी मोजतात. पहिल्या माळेपासून नवव्या माळेपर्यंत समई विझू द्यायची नाही. ती वाऱ्यानं विझू नये म्हणून दार लोटून घेतात आणि खिडकीच्या गजांत पोतं कोंबतात. एरवी त्या घरांत कुठून ना कुठून वारा खेळत असतो, हे नऊ दिवस तोही बंद.

गेल्या वर्षी घट बसायच्या तीन दिवस आधी सहादेव माझ्याकडं आला. चपला बाहेर काढून उंबऱ्याशी उभा राहिला, बस म्हटलं तरी बसला नाही. त्यानं मला समजावून सांगितलं की गॅस धुरासारखा वर जात नाही, पाण्यासारखा खाली बसतो. एरवी थोडी गळती झाली तरी बाईला वास येतो, ती दार उघडते आणि निभावतं. नवरात्रात दार बंद, आणि खाली जमिनीवर जळता दिवा. टाकी बदलायची असली किंवा वास आला तर आधी दिवा विझवा, असं तो दरवर्षी घरोघर सांगत होता, आणि त्याचं कुणी ऐकत नव्हतं.

‘गुरुजी, तुमी घट बसवायला जाता, तवा एवढं एक सांगा,’ तो म्हणाला. ‘वास आला तर दिवा इझवायचा. घर मोकळं झालं की मागनं परत लावायचा, पाप लागत न्हाई. मी सांगितलं तर बायका कानावर हात ठेवत्यात. तुमी सांगितलं तर ऐकतील.’

आता खरी गोष्ट अशी, की माझ्या वडिलांनी मला अकराव्या वर्षीच हे शिकवलं होतं. दिवा विझला तर देवीची क्षमा मागावी, एक माळ जप करावा आणि परत लावावा. घाई नाही, दोष नाही. पण हे लोकांना सांगायचं नाही, अशी आमच्याकडं एक न बोललेली रीत. सांगितलं की लोक ढिले पडतात. आणि दुसरं, टाक्या वाहणारा माणूस माझ्या दारात उभा राहून मी यजमानांना काय सांगावं ते मला सांगत होता. मी म्हटलं, ‘सहादेवा, आता टाकीबरोबर शास्त्रपण पोचवायला लागलास की काय?’ तो हसला, कारण गुरुजींनी विनोद केला की हसायचं असतं. मग मी ‘बघतो’ म्हणालो आणि पंचांगात डोकं घातलं. त्यानं चपला घातल्या आणि गेला.

मी कुणालाही सांगितलं नाही.

घट बसले त्या दिवशी मला चौदा घरं होती. बनुबाईचं घर अकरावं. बनुबाई साठीच्या पुढची विधवा, मुलगा सुनील सुप्याच्या एमआयडीसीत कामाला. सून बाळंतपणाला माहेरी गेलेली, त्यामुळं घरात मायलेक दोघंच. त्यांचं स्वयंपाकघर बाहेरच्या खोलीपेक्षा दोन पायऱ्या खाली आहे. जुनी घरं तशीच, रस्ता आणि पुढच्या खोल्या उंच होत गेल्या, मागचं राहिलं खाली. सहादेवनं सांगितलेलं तिथं मला आठवलं होतं. पायऱ्या उतरताना चक्क आठवलं. पण दुपार टळत आली होती, पोटात उपास होता, आणि तीन घरं अजून बाकी होती. ओट्यापासून चार हातांवर मी घट बसवला, समई लावली आणि दरवर्षीचं वाक्य म्हटलं, ‘बनुबाई, दिवा जपा. नऊ माळा अखंड राहिला पाहिजे.’ त्यांनी पदर पुढं घेऊन मला नमस्कार केला.

सहाव्या माळेला त्यांची टाकी संपली. सुनीलनं घरातली भरलेली दुसरी टाकी स्वतःच बसवली, पाळीची वेळ झाली होती म्हणून गडबडीत. टाकीच्या तोंडात रबराचं एक बारीक कडं असतं, ते तिरकं बसलं. साबणाचं पाणी लावून बघायला हवं होतं हे त्यालाही माहीत होतं, सहादेवनं ते त्याच्या लहानपणापासून त्याच्यासमोर केलं होतं. पण कंपनीची बस कुणासाठी थांबत नाही. तो गेला, आणि दिवसभर, रात्रभर त्या टाकीतून थोडा थोडा गॅस खाली उतरत राहिला. दिवा अगदी जमिनीला टेकलेला असता तर कधीच भडका उडाला असता. ओट्याखालचा कप्पा खोल होता आणि समई एका उंच पाटावर होती, म्हणून तेवढे तास निघाले.

सातव्या माळेला सकाळी अकराच्या सुमारास सहादेव शेजारच्या घरी टाकी घेऊन आला. बनुबाई दारात डोकं धरून बसल्या होत्या. त्यांनी सहज म्हणून सांगितलं की कालपासून घरात घाण येतेय, उंदीर मेला असावा, सकाळपासून सगळे डबे सरकवून शोधला पण सापडत नाही. सहादेवनं खांद्यावरची टाकी रस्त्यातच उतरवली आणि आत गेला.

तो दोन पायऱ्या उतरला, वाकून श्वास घेतला आणि सगळ्यात आधी ओल्या चिमटीत धरून घटाचा दिवा विझवला. मग रेग्युलेटर बंद करून काढला, टाकी उचलून मागच्या अंगणात नेऊन ठेवली, खिडकीतलं पोतं ओढून काढलं, दोन्ही दारं सताड उघडली. विजेच्या बटणाला हात लावला नाही, लावू दिला नाही. हे सगळं त्यानं दोन मिनिटांत केलं. एकोणीस वर्षं तो जे लोकांना सांगत होता ते त्यानं एकही चूक न करता करून दाखवलं.

बनुबाई विझलेल्या समईकडं बघत होत्या. ‘आरं बाबा, काय केलंस हे,’ एवढंच त्या म्हणाल्या. सहादेवनं त्यांना धरून बाहेर आणलं, शेजारच्या पायरीवर बसवलं आणि नीट समजावलं की तासभर आत जायचं नाही, काडी ओढायची नाही, खाली अजून गॅस साचलेला आहे. त्यांनी मान हलवली. मग तो गोदामातून नवं कडं आणि दुसरा रेग्युलेटर आणायला गेला. वीस मिनिटांचं काम. पोलिसांना त्यानं नंतर सांगितलं की मी तिथून हलायला नको होतं, माझी चूक झाली.

त्या वीस मिनिटांत बनुबाईंच्या मनात काय चाललं असेल ते मी किती वेळा डोळ्यांसमोर आणलंय. सातवी माळ. लेक कामावर, सून बाळंतपणाला गेलेली. आणि घटासमोर अंधार. शेजारीण दुधावर लक्ष ठेवायला आत गेली तेवढ्यात त्या उठल्या. घरात वारा भरून वाहत होता, काडी पेटेना. म्हणून त्यांनी दार लावून घेतलं, खिडकीत पोतं परत बसवलं, आणि जमिनीवर बसून दुसरी काडी ओढली.

आवाज आमच्या घरापर्यंत आला. मी पोचेपर्यंत सहादेव पोचला होता. त्यानं त्यांना गोधडीत गुंडाळून बाहेर काढलं होतं आणि तांब्यामागून तांब्या पाणी ओतत होता. त्याच्या दोन्ही हातांची सालं लोंबत होती. देवीच्या सातव्या दिवसाचा रंग म्हणून बनुबाईंनी नवी नायलॉनची साडी नेसली होती. सुती असती तर इतकी अंगाला चिकटली नसती, हेही सहादेव दरवर्षी सांगायचा, स्वयंपाकघरात सुती नेसत जा म्हणून. मी तिथं उभा होतो आणि माझ्या हातून काही म्हणजे काही झालं नाही.

नवव्या माळेला सरोजिनीला घेऊन नगरला दवाखान्यात गेलो. बनुबाईंनी मला आवाजावरून ओळखलं. बोलायला त्रास होत होता तरी सगळं सांगितलं, काडी पेटत नव्हती म्हणून दार लावलं, तेही. मग म्हणाल्या, ‘गुरुजी, दिवा थोडा येळ इझला हुता. मी लगीच लावाय गेले. चालंल ना?’

मी म्हटलं, ‘चालतं, बनुबाई. विझला तरी चालतं. मागून कधीही लावला तरी चालतं.’

‘बरं झालं,’ त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा खरोखर सैल पडला. सरोजिनीनं माझ्याकडं बघितलं. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडं तसं कधी बघितलं नव्हतं. दसऱ्याच्या सकाळी बनुबाई गेल्या.

मला वाटलं होतं की आता तरी गावाला अक्कल येईल. घाईत बसवलेली टाकी, खिडकीतलं पोतं, खोलगट खोली, सगळं लोकांसमोर होतं. पण लोकांनी त्यातलं काहीच उचललं नाही. त्यांनी एवढंच उचललं की टाकीवाल्यानं सातव्या माळेला घटाचा दिवा विझवला, आणि अर्ध्या तासात घर पेटलं. चार दिवसांत हीच गोष्ट गावभर झाली. त्यात गॅस नव्हताच. तीन गल्ल्यांतल्या बायकांनी सांगितलं की तो माणूस आमच्या घरात नको. गॅसवाल्यांनी त्याला काही दिवस घरी बसायला सांगितलं, ते दिवस काही संपले नाहीत. जळलेल्या हातांची बोटं आखडली, त्यामुळं टाकी उचलणं तसंही राहिलंच. आता तो गावाबाहेर एका पोल्ट्रीवर राखणीला असतो.

पोलिसांच्या जबाबात त्यानं सांगितलं की दिवा मी विझवला, बनुबाईंना एकटं सोडून मी गेलो. घट बसायच्या तीन दिवस आधी तो कुणाच्या दारात उभा राहिला होता, हे त्यानं सांगितलं नाही. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही आपणहून गेलो नाही. भ्याडपणाच तो.

दहाव्याला मात्र मी बोललो. आमच्याकडं दशक्रियेला सगळं गाव जमतं, प्रवचन होतं, मग एकेक जण उठून श्रद्धांजली वाहतो. पुढाऱ्यांची भाषणं झाल्यावर मी माईक हातात घेतला. सांगितलं की दिवा विझवल्यानं दोष लागत नाही, शास्त्रात तसं कुठंही नाही. सहादेवनं जे केलं ते बरोबर केलं. चूक माझी आहे, त्यानं मला हे आधी सांगायला सांगितलं होतं आणि मी सांगितलं नाही. समोर हजारभर माणसं शांत बसली होती. मला वाटलं, पोचलं.

खाली उतरलो तर गावातले एक जुने शेतकरी, पुंजाराम, माझा हात हातात घेऊन म्हणाले, ‘गुरुजी, लई मोठं मन तुमचं. गरिबाला वाचवायसाठी सोताच्या अंगावर घेतलं.’ बाजूच्या दोघा-तिघांनी माना डोलावल्या. मी परत सांगायला लागलो की मन मोठं वगैरे काही नाही, हे खरंच असं आहे. ते आणखीच गहिवरले. सहादेव पार मागं, झाडाखाली उभा होता. मी गर्दीतून तिकडं पोचेपर्यंत तो निघून गेला होता.

या वर्षी घट बसवायला निघालो तेव्हा पहिल्या घरापासून ठरवून सांगायला सुरुवात केली. घट बाहेरच्या खोलीत मांडा. स्वयंपाकघरातच मांडायचा असेल तर खिडकी उघडी ठेवा. घाण वास आला तर उंदीर शोधू नका. दिवा विझवा, टाकीचं बटण बंद करा, दारं उघडा, बाहेर या. दिवा दुसऱ्या दिवशी लावलात तरी चालतो. प्रत्येक घरी बायकांनी हात जोडून ऐकलं, ‘व्हय गुरुजी’ म्हटलं. आणि मी पायरी उतरलो की मागं दार लोटल्याचा आवाज यायचा. नवा टाकीवाला आता उंबऱ्याबाहेरच टाकी ठेवून जातो. त्याला कुणी आत घेत नाही, साबणाचं पाणी कुणी देत नाही. टाक्या घरचेच बसवतात, जशा येतील तशा.

शेवटचं घर मी सहादेवचं ठेवलं होतं. तो उंबऱ्यातच भेटला, खांद्याला पिशवी, पायात चपला. कुठं निघालास विचारलं तर म्हणाला, खर्ड्याला बहिणीकडं, नऊ माळा झाल्या की येईन. मला वाटलं सहज भेटायला चाललाय. आतून त्याची बायको आक्काबाई बाहेर आली. तिनं माझ्याकडं न बघता सांगितलं की तिनंच त्याला जायला सांगितलंय. ‘मला भ्या वाटतं गुरुजी,’ ती म्हणाली. ‘ह्यांच्या हातून परत इझला तर?’

माझं डोकं फिरलं. मी तिला म्हटलं, थांब, तुला मी सगळं नीट समजावून सांगतो. सहादेवनं आखडलेला हात वर करून मला थांबवलं.

‘नका सांगू गुरुजी,’ तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं. ‘तवा तुमी बनुबाईला एक शब्द बोलला असता, तर त्या बाहेर पायरीवर बसून ऱ्हायल्या असत्या. आता तुमी कितीबी बोला. लोकांला वाटतं, माझ्यासाठी बोलताय.’

त्यानं मला वाकून नमस्कार केला आणि स्टँडच्या रस्त्याला लागला. मी तो वळणापलीकडं जाईपर्यंत बघत राहिलो.

मग आत गेलो. त्यांचंही घर दोन खोल्यांचं, दुसरी जागा नाही. ओट्याशेजारीच माती पसरली, धान्य पेरलं, घट मांडला. समई लावली. आणि तरीही सांगितलं, कारण सांगण्याशिवाय आता माझ्या हातात दुसरं काही नाही. म्हटलं, ‘आक्काबाई, दिवा विझला तर घाबरू नका. विझला तरी चालतो.’

तिनं खिडकीतलं पोतं हातानं दाबून नीट बसवलं. ‘न्हाई इझायचा गुरुजी,’ ती म्हणाली. ‘आता घरात कोनी न्हाई.’